पडदे रंगवणाऱ्यांचा कॅमेरा

गेल्या महिन्यात एमएस्सीची एक मुलगी आमच्या लॅबमध्ये येऊन बसली. पीएचडी प्रवेशाची मुलाखत तोंडावर आली होती. प्रपोजल तयार, स्लाइड्स तयार, संदर्भ पाठ. घोडं अडलं होतं ते एका साध्याशा प्रश्नावर. "ताई, तुमची बलस्थानं कोणती असं विचारलं तर काय सांगायचं? मेहनती आहे म्हणू का?"

मला हसू आलं आणि मी ते लगेच गिळलं, कारण माझ्या मुलाखतीत मी अगदी हेच सांगितलं होतं. समितीतल्या एका मॅडमनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. मेहनती काय, सगळेच असतात. निदान मुलाखतीत तरी.

त्या मुलीला मी तासभर जे सांगत बसले ते इथे नीट लिहून काढतेय. त्यात माझ्या विषयातलं, म्हणजे पदार्थविज्ञानातलं, थोडंच आहे. बरंचसं आहे ते शंभर वर्षांपूर्वी आपल्या कोल्हापुरात चाललेल्या एका सिनेमा कंपनीबद्दल. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, हे आधीच कबूल करते. उपकरणं कुणी बनवली, कशी बनवली, हातात काय नसताना बनवली, हे वाचायचा मला नाद आहे. त्या नादातून मी या गोष्टीपाशी पोहोचले.

कोल्हापुरात राहत असाल तर खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ तुम्ही पाहिला असेल. पाहिला म्हणजे त्याच्या बाजूने गाडी काढली असेल. मीही कित्येक वर्षं तेवढंच केलं. महाराष्ट्र फिल्म कंपनीची आणि इथे तयार झालेल्या कॅमेऱ्याची ती आठवण आहे. हा कॅमेरा बनवणारी माणसं इंजिनिअर नव्हती. ती नाटकाचे पडदे रंगवायची.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. वडील सुतारकाम, लोहारकाम, कोरीवकाम जाणणारे कारागीर. चित्रकलेचं कॉलेजातलं शिक्षण बाबूरावांना नव्हतं. जे आलं ते घरात, पाहून आणि करून. त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हेही तसेच. दोघं मिळून पडदे रंगवू लागले आणि इतके रंगवले की 'मेस्त्री' मागे पडून लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटकांच्या आणि पारशी-गुजराती रंगभूमीच्या मंडळ्या त्यांच्याकडून पडदे करून घेत. ते कोल्हापूर शाहू महाराजांचं. १९१२ चं खासबाग मैदान, १९१५ चं पॅलेस थिएटर, गावात अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं, आबालाल रहिमानांची चित्रं. हाताने काम करणाऱ्या माणसाला इथे किंमत होती आणि गिऱ्हाईकही होतं.

पडदा रंगवणं म्हणजे काय, हे जरा थांबून पाहू. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला, कंदिलाच्या किंवा गॅसबत्तीच्या उजेडात, सपाट कापडावर राजवाड्याची खोली दिसली पाहिजे. जवळून पाहिलं तर नुसते फटकारे. त्यामुळे पडदा रंगवणारा सतत दोन जागी उभा असतो. ब्रश धरलेला हात कापडापाशी आणि डोळा शेवटच्या रांगेत. उजेड कुठून येतोय, सावली किती गडद धरली की खांब गोल वाटेल, हे सगळं तो सूत्रांशिवाय जाणत असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा भावांना सिनेमाने झपाटलं. फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. कोल्हापूरच्या पेंटरांकडे लंडनला जाण्याइतके पैसे नव्हते. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळवला, सिनेमाचे खेळ दाखवायला सुरुवात केली, आणि खेळ दाखवता दाखवता ते यंत्र समजून घ्यायला लागले.

इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी कान टवकारावेत. प्रोजेक्टरवरून कॅमेऱ्यावर उडी मारणं हा वेडेपणा वाटतो, पण तो नव्हता. ल्युमिएर बंधूंचं १८९५ चं सिनेमाटोग्राफ हे एकच खोकं होतं. त्यानेच चित्रीकरण व्हायचं आणि त्यानेच पडद्यावर दाखवायचं. दोन्हीच्या पोटातला अवघड प्रश्न एकच आहे. फिल्म सरळ सरकत राहिली तर चित्र पुसट येतं. ती थांबली पाहिजे, थांबलेली असताना प्रकाश आत आला पाहिजे, मग झडप बंद होऊन फिल्म बरोबर एका चौकटीएवढी पुढे ओढली गेली पाहिजे, आणि पुन्हा थांबली पाहिजे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका चौकटीला कडेची चार भोकं, म्हणजे साधारण १९ मिलिमीटरची ओढ. मूकपटांच्या काळात सेकंदाला सुमारे १६ चौकटी. हाताने दांडा फिरवायचा, एका फेऱ्यात आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला दोन फेरे, आणि तेही एकसारखे.

आता चूक किती चालेल याचा हिशोब करा. चौकट सुमारे २४ मिलिमीटर रुंद, पडदा समजा १२ फूट. म्हणजे चित्र दीडशे पट मोठं होतं. ओढण्यात एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला तर पडद्यावर चित्र दीड सेंटिमीटरने उडी मारणार, आणि तेही सेकंदात सोळा वेळा. अशा अचूकतेचं यंत्र ही मंडळी कुठल्याही कारखान्याच्या नकाशाशिवाय, कोल्हापुरात बसून बनवत होती.

यात अपयश किती असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. त्याहून वाईट म्हणजे १९१६ मध्ये आनंदराव गेले. यंत्राच्या जुळणीचं मुख्य काम त्यांच्याकडे होतं. आपल्या भाषेत बोलायचं तर प्रकल्पाचा अर्धा मेंदू गेला. बाबूरावांनी काम सोडलं नाही. पडद्याच्या कामातले त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी कॅमेरा पुरा केला. १९१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली. भांडवलाचा प्रश्न होताच, त्यात कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले. सिनेमाच्या इतिहासात हे नाव एका ओळीत उरकलं जातं, मीही एकाच ओळीत उरकतेय, आणि ते मला खटकतंय.

पहिला चित्रपट 'सैरंध्री', १९२० चा. झुंझारराव पवार कीचक, बाळासाहेब यादव भीम, आणि स्त्रियांच्या भूमिकांत खरोखरच्या स्त्रिया: गुलाबबाई आणि अनसूयाबाई. कीचकवधाचं दृश्य इतकं खरं उतरलं की पाहणाऱ्यांना सोसवेना. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते या चित्रपटावर.

माझ्या दृष्टीने या कंपनीचं महत्त्व मात्र तिथे काम कसं चालायचं यात आहे. कामांच्या वाटण्या अजून ठरलेल्याच नव्हत्या. 'ध्वनिमुद्रक', 'संकलक', 'कलादिग्दर्शक' या जागा भरायच्या नव्हत्या, कारण तशा जागा गावात कुणी ऐकलेल्याच नव्हत्या. जो येईल त्याने झाडण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत सगळं करायचं. शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगा असाच आला. जन्म १९०१ चा. लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत होता, पुढे हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, पुढे पत्र्याच्या शेडमधल्या सिनेमाघरात पडेल ते काम. त्याचे मावसभाऊ बाबूराव पेंढारकर कंपनीचे व्यवस्थापक होते, त्यांच्या ओळखीने शिरकाव झाला. आजच्या बायोडेटाच्या हिशोबाने पाहिलं तर हा मुलगा कुठेच धड टिकला नाही असं कुणीही म्हणेल. कंपनीत त्याने सामान उचललं, प्रयोगशाळेत हात घातला, 'सुरेखा हरण'मध्ये भूमिका केली, १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये गरीब तरुण शेतकरी झाला, आणि १९२७ मध्ये 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला. तेच व्ही. शांताराम.

विष्णुपंत दामले मूळचे पेणचे, १८९२ चा जन्म. एस. फत्तेलाल कागलचे, सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. दोघांचीही सुरुवात पेंटर बंधूंकडे रंगांत. एकाच हाताखाली, एकाच प्रकारच्या कामात घडलेले हे दोघे पुढे कसे वेगळे झाले ते पाहण्यासारखं आहे. दामल्यांचं बोट यंत्राकडे वळायचं. फत्तेलालांचा डोळा जागेकडे, वास्तूकडे, पोशाखाकडे. आपल्याकडे 'त्याला गणितात गती आहे' असं म्हणतात, तो 'गती' शब्द मला फार आवडतो. पदार्थविज्ञानात गती नुसतं पाहून सांगता येत नाही, कशाच्या संदर्भात ते विचारावं लागतं. माणसाच्या गतीचंही तेच. दामल्यांची गती पडद्याच्या कापडापाशी कुणाला दिसली असती का? कॅमेरा समोर आला तेव्हा दिसली.

आता सगळ्यात मोठं उदाहरण, खुद्द बाबूराव. त्यांना कुणी १९१५ मध्ये विचारलं असतं की तुमचं बलस्थान काय, तर उत्तर सरळ होतं: पडदे. पश्चिम भारतात ज्यांच्या पडद्यांना तोड नाही असा माणूस. असा माणूस सिनेमात आल्यावर काय करेल? आपल्याला वाटेल, सुंदर पडदे रंगवून त्यांच्यापुढे नट उभे करेल. बाबूरावांनी पडदेच काढून टाकले. रंगवलेल्या कापडाऐवजी भरीव, चारी बाजूंनी उभे केलेले सेट आणले. १९२३ च्या 'सिंहगड'साठी कृत्रिम प्रकाश वापरला, नुसत्या उन्हावर भागवलं नाही. चित्रीकरणाच्या आधी ते पात्रांची, पोशाखांची, हालचालींची रेखाचित्रं काढून ठेवत. चित्रपटाची पोस्टर्स स्वतः रंगवत. मग 'सावकारी पाश'. पुराण आणि इतिहास सोडून सावकाराच्या तावडीत सापडलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, नारायण हरी आपट्यांच्या कथेवरची, १९२५ सालात.

मी यावर बराच विचार केलाय. ज्या कौशल्यावर नाव मिळालं तेच मोडीत काढायला माणूस कसा तयार होतो? मला वाटतं, त्यांचं बलस्थान पडदा रंगवणं हे कधी नव्हतंच. ते त्याचं बाजारातलं नाव होतं. मघाशी म्हटलं ना, हात कापडापाशी आणि डोळा शेवटच्या रांगेत? ते त्यांचं खरं होतं. समोरच्या डोळ्याला एखादी गोष्ट खरी कधी वाटते, याची त्यांना जाण होती. नाटकात गॅसबत्तीच्या उजेडात कापड खरं वाटतं, म्हणून तिथे कापड. कॅमेऱ्याच्या भिंगासमोर तेच कापड खोटं पडतं, म्हणून इथे लाकूड आणि दिवे. आतली जाण तीच राहिली, साधन बदललं.

तुमच्या बाबतीत हे कसं लागू होतं ते माझ्या उदाहरणाने सांगते, उदाहरण लहान आहे. पीएचडीच्या पहिल्या दीड वर्षात माझं काम होतं काचेवर पातळ थर चढवण्याचं. स्प्रे पायरोलिसिस म्हणतात. तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा, पाणी उडून जातं आणि पदार्थाचा थर मागे राहतो. ऐकायला डोसा टाकण्याइतकं सोपं. माझे थर एकदा चांगले यायचे, तर पुढचे चार वेळा पांढरे पडायचे. बॅचमधल्या मुलांचे नमुने तयार होत होते, पेपर जात होते. मी दर वेळी वहीत तापमान, दाब, वेळ, खोलीतली आर्द्रता लिहीत बसायची आणि यंत्रावरच्या आकड्यावर विश्वासच ठेवायची नाही. दुसरा तापमापक लावून बघ, तारेची जागा बदलून बघ. मला वाटायचं हा माझा दोष आहे. काम पुढे न्यायचं सोडून चिकित्सा करत बसते. घरी आई पण म्हणायची, दुधाचा हिशोबसुद्धा तीनदा करतेस.

शेवटी निघालं असं की दाखवलं जाणारं तापमान खालच्या तव्याचं होतं, काचेचं नाही, आणि फवारा सुरू झाला की काच बरीच थंड व्हायची. ते सापडल्यावर माझे थर सुधारले, पण त्याहून वेगळी गोष्ट घडली. शेजारच्या टेबलावरची मुलं आपापली उपकरणं दाखवायला यायला लागली. "जरा बघ ना, हे रीडिंग बरोबर वाटतंय का?" गाइड सरांनी एक दिवस चहा पिताना सहज म्हटलं, "तू मोजमापाच्या अंगाने विषय का नाही वळवत?" माझ्या प्रबंधाचा आजचा विषय तिथून आला. जिला मी संशयी स्वभाव म्हणत होते, तिला नाव द्यायला मला दुसऱ्यांची गरज लागली. आणि तो स्वभाव दिसायला दीड वर्षाचे पांढरे थर लागले.

आता गोष्टीची दुसरी बाजू, कारण नुसती चांगली बाजू सांगितली तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नये.

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांचं भांडवल मिळालं आणि १ जून १९२९ ला कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. गुरूच्या घरातून चार हात एकदम उठून गेले. प्रभातचे भागीदार पाहिलेत तर तो जवळजवळ एक नकाशाच आहे: शांताराम दिग्दर्शनाला, धायबर कॅमेऱ्याला, फत्तेलाल कलेला, कुलकर्णी पैशाला. दामले यंत्रांना, आणि बोलपट आल्यावर ध्वनीला. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' आठवा. सिनेमाला आवाज फुटून वर्षही झालं नव्हतं. ध्वनिमुद्रण शिकलेला माणूस आणायचा कुठून? दहा-बारा वर्षांपूर्वी एका कॅमेऱ्याची जुळणी करताना अडलेल्या यंत्रापुढे बसून राहायची सवय ज्याला लागली होती, तो दामले नावाचा माणूस त्या यंत्रापुढे बसला.

बाबूराव मात्र बोलपटात रमले नाहीत. ज्याचं सगळं बळ डोळ्यात, त्याला सिनेमाचा कान नकोसा वाटला असणार. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी 'उषा', 'प्रतिभा' असे काही बोलपट केले, पण जोर पहिला नव्हता. ते पुन्हा चित्रांकडे आणि शिल्पांकडे वळले. शिवाजी चौकातला महाराजांचा पुतळा त्यांच्या हातचा आहे. १९५४ मध्ये ते गेले.

याला काय म्हणायचं? पडदे सोडताना जो माणूस इतका सहज होता, तो आवाज आल्यावर का अडला? मी याचं एक उत्तर मनाशी धरलंय, पटलं नाही तर सोडून द्या. कापडाकडून लाकडाकडे जाताना त्यांची आतली जाण शाबूत होती. आवाजाने ती जाणच दुय्यम केली. संवाद सुरू झाले की कॅमेरा मायक्रोफोनभोवती घुटमळतो, सुरुवातीच्या बोलपटांत हे जगभर झालं. स्वतःचं बलस्थान पुरतं ओळखलेल्या माणसाला त्याच्या बाहेरचं काही शिकणं जास्त जड जातं, असं मला आमच्या लॅबमध्येही दिसतं. माझंच बघा, आता कुणी सिम्युलेशन शिक म्हटलं की मी लगेच म्हणते, माझं काम मोजमापाचं. हे वाक्य तोंडातून निघालं की हल्ली मला शिवाजी चौक आठवतो. तरी एक आहे. तो पुतळा काही पराभवाची खूण नाही. ज्याला जे येत होतं ते त्याने शेवटपर्यंत केलं. मी दोन्ही मतांच्या मध्ये लटकलेय.

आणखी एक सावधगिरी, संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांसाठी खास. ही सगळी गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचते ती मुख्यतः आठवणींतून. शांतारामांचं 'शांतारामा', बाबूराव पेंढारकरांचं 'चित्र आणि चरित्र', बापू वाटव्यांचं 'एक होती प्रभातनगरी'. वाचाच, पण वाचताना विचारा: आत्मचरित्र कोण लिहितं? ज्याचा जम बसला तो. महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांतारामांसारखंच सामान उचलणारी, फिल्म धुणारी आणखी किती तरी पोरं असतील. त्यांनीही सगळी कामं करून पाहिली असतील आणि त्यांना कदाचित काहीच सापडलं नसेल. ती परत गुळाच्या घाणीवर गेली, तालमीत गेली, गिरणीत गेली. त्यांचं पुस्तक नाही. कंपनीचे मूकपटही जवळजवळ सगळे नष्ट झालेत, त्यामुळे पडद्यावर पाहून पडताळायची सोय नाही. 'सगळं करून पाहा म्हणजे आपलं काम सापडतं' असा नियम या गोष्टीतून काढायचा मला मोह होतो, पण माझ्याकडे फक्त यशस्वी नमुने आहेत. पांढरे पडलेले थर कुणी जपूनच ठेवले नाहीत.

एवढं मात्र म्हणता येईल की जे सापडले ते एकट्याने बसून सापडले नाहीत. प्रभातचंच बघा. दामले आणि फत्तेलाल यांनी एकत्र दिग्दर्शन केलेला 'संत तुकाराम' १९३६ चा. एक ध्वनी आणि यंत्राचा माणूस, एक कलेचा. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची निवड झाली. दोघांपैकी कुणा एकट्याला तो जमला असता असं मला वाटत नाही. ज्याला जे येत नाही ते शेजाऱ्याला येतं, आणि शेजारी रोज समोर असतो, ही त्या कंपन्यांची मोठी सोय होती. तुम्ही गाइड निवडाल, लॅब निवडाल, तेव्हा शोधनिबंधांची संख्या बघालच. जमलं तर तिथे दुपारी एक चक्कर टाका आणि बघा की मुलं एकमेकांच्या टेबलापाशी जातात का. ज्या लॅबमध्ये प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात कानात हेडफोन घालून बसलाय, तिथे तुमच्यातलं काय चांगलं आहे हे तुम्हाला कोण सांगणार?

त्या मुलीला मी शेवटी एक काम दिलं. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या पीटर ड्रकर यांनी १९९९ च्या 'मॅनेजिंग वनसेल्फ' या लेखात सांगितलेली जुनी युक्ती आहे ती. महत्त्वाचं काही ठरवलं की त्यातून काय व्हावं असं वाटतंय ते लिहून ठेवायचं आणि नऊ ते बारा महिन्यांनी काय झालं ते ताडून पाहायचं. आपण ज्यात हुशार आहोत असं समजतो तिथे हमखास फरक निघतो. मी चार वर्षं हे करतेय. लेखनाबद्दलचे माझे अंदाज दर वेळी फसलेत, हा लेखसुद्धा दोन दिवसांत होईल म्हटलं होतं, तीन आठवडे झाले. उपकरणाबद्दलचे बहुतेक बरोबर निघाले.

पण तिच्याकडे बारा महिने नव्हते, मुलाखत पुढच्या मंगळवारी होती. म्हणून मी विचारलं, "हॉस्टेलवर मुली तुझ्याकडे कशासाठी येतात?"

ती म्हणाली, "अभ्यासासाठी नाही येत कुणी. माझे मार्क बेताचेच आहेत."

"मग कशासाठी येतात?"

ती जरा थांबली. "आलेख घेऊन येतात. पेपरमधला आलेख कळला नाही की. मी त्यांना सांगते की हा अक्ष बघ, इथे लॉग घेतलाय, म्हणून हे सरळ दिसतंय. त्यात काय एवढं, ते तर समोर दिसतंच."

"तुला दिसतं," मी म्हटलं.

तिने वही उघडली, 'मेहनती' खोडलं आणि पेन तसंच धरून बसली. बाहेर लाइट गेली होती, भट्टी थंड होत होती, आणि मला आधी जाऊन तिचं तापमान लिहून ठेवायचं होतं.